वाकड्या बोटाची जागा

रविवारी सकाळी चांदमारीच्या मैदानावर पहिला वाद कोणाचा आणि कशावरून होणार, हे तिथल्या रखवालदारालाही तोंडपाठ होतं. काकू आपला लाकडी डबा उघडायच्या, मऊ फडक्यातून जुनं रिव्हॉल्वर बाहेर काढायच्या, आणि शेजारच्या टेबलावरून वकीलसाहेब हाक मारायचे, "आलं का म्युझियम?"

"आलं," काकू म्हणायच्या. "रांगेत उभे राहा, दाखवते."

झालं, दोघांची जुंपायची. वकीलसाहेब नव्याचे भक्त. त्यांचं रिव्हॉल्वर पांढऱ्या पोलादाचं, जाड नळीचं, नळीच्या टोकाशी नेम धरायच्या माशीवर लाल ठिपका असलेलं. घामाच्या हातांनी धरा, तेल घालायला विसरा, गंजायचं नाव नाही. नेम धरताना ठिपका डोळ्यांत भरतो, वय झालेल्या डोळ्यांना आणखी काय हवं? काकू सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग आपलं रिव्हॉल्वर उन्हात तिरपं धरायच्या. काळ्या-निळ्या पॉलिशमध्ये मैदानावरचं झाड जसंच्या तसं दिसायचं. "तुमच्यावर बघा, यंत्राचे ओरखडे तसेच ठेवलेत. तोंड न धुता कामावर आल्यासारखं दिसतंय. आणि आवाज ऐका." त्या सिलिंडर हलकेच फिरवायच्या. गोळीचं प्रत्येक घर जागेवर बसताना एकसारखी टिकटिक व्हायची, कुठे घाई नाही की अडखळणं नाही.

"आवाजाचं कौतुक सांगू नका," वकीलसाहेब म्हणायचे. "याच कंपनीचं, हेच मॉडेल माझ्याकडे होतं. हाताला चावायचं. शेवटी चुलतभावाला देऊन टाकलं."

"हत्यार चावत नाही साहेब, धरणाऱ्याला धरता यावं लागतं." आणि मग काकूंचं ठरलेलं वाक्य यायचं, "ज्या कारागिरानं हे केलं ना, त्याला माणसाचा हात कळत होता. माझंच माप घेऊन केल्यासारखं बसतं हे."

यावर वकीलसाहेब हात टेकायचे. वकील असून हरायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा हरायला हजर व्हायचे.

काकूंच्या घराची पुढची खोली म्हणजे बंदुका दुरुस्त करायचं दुकान. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा दुकान सासऱ्यांचं होतं. सासऱ्यांना त्या मामंजी म्हणायच्या. भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत कानशी टांगलेल्या, मधोमध व्हाइस लावलेलं जाडजूड टेबल, खिडकीपाशी पॉलिशचं चाक, आणि सगळ्याला तेलाचा वास. मुख्य गिऱ्हाईक म्हणजे बँकांच्या आणि गोदामांच्या रखवालदारांच्या दुनळी बंदुका. रिव्हॉल्वर क्वचितच यायचं. काकूंच्या यजमानांना लहानपणापासून मोठ्या आवाजाचं वावडं. ते बापाच्या दुकानात पाऊल न टाकता पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चिकटले आणि आता निवृत्त होऊन गच्चीवरच्या कुंड्यांशी गप्पा मारतात. त्यामुळे मामंजींच्या हाताखाली रिकामी जागा होती. नव्या सुनेला नुसतं बसणं जमत नव्हतं. ती खिडकीपाशी गेली ती चाकापाशीच बसली.

मामंजी मुलखाचे अबोल. "हं", "नको" आणि "बघू" एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. पण त्यांचे हात बोलायचे, आणि काकूंनी ती भाषा पटकन उचलली. पहिल्याच वर्षी चाकाच्या पट्ट्यात काकूंचं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सापडलं. हाड जुळलं, पण बोट मधल्या पेरापाशी आतल्या बाजूला वाकलं ते वाकलंच. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. चुकलं-माकलं, वाईट वाटलं, यातलं अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दुकानात आल्या तेव्हा पट्ट्यावर पत्र्याचं झाकण बसलेलं होतं, आणि त्याच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून गोल घासलेल्या होत्या.

बोट बरं झालं पण काकूंची भीती काही जाईना. चाक सुरू झालं की अंगावर काटा यायचा. तपासणीसाठी मामंजी मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यात बार काढायचे, तेव्हा त्या कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. मामंजी हे सगळं बघायचे.

मग कुणा निवृत्त कप्तानाच्या घरून एक रिव्हॉल्वर आलं. लाल गंज चढलेलं, सिलिंडर अडकलेलं. मामंजींनी ते रीतसर आपल्या नावावर घेतलं आणि बाकीची कामं आटोपली की त्याला हात लावू लागले. लोखंडाचं पॉलिश त्यांनी काकूंकडे दिलं. काकूंनी जीव ओतून केलं. मूठ मात्र दिली नाही. "लाकडाचं मी बघतो," म्हणाले, म्हणजे त्यांच्या हिशेबानं भाषणच. काम पुरं झाल्यावर काकूंच्या नावाचा परवाना काढायला ते स्वतः ऑफिसांचे उंबरठे झिजवून आले, आणि एका रविवारी म्हणाले, "चला."

मैदानावर काकूंचे हात सवयीनं कानांकडे गेले. मामंजींनी रिव्हॉल्वर त्यांच्या हातात दिलं. आणि नवल असं की ते हातात गेल्या गेल्या कानांची आठवणच राहिली नाही. मूठ तळहातात भरली, अंगठा आपोआप जागेवर गेला, ते वाकडं बोटसुद्धा कुठे टोचलं-रुतलं नाही, लाकडाच्या एका खळग्यात अलगद जाऊन बसलं. काकूंनी अंगठ्यानं घोडा मागे ओढला, चाप दाबला. पहिली गोळी मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात गेली. दुसरी कागदावर लागली. तिसरीच्या वेळी त्या हसत होत्या.

"मामंजी, काय बनवलंय हो हे त्या लोकांनी!" घरी येताना त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. "हात ठेवायचा आणि विसरून जायचं! असा कारागीर आता मिळायचा नाही."

मामंजींनी चष्मा काढून पुसला. "हं. त्या काळची माणसं मन लावून काम करायची," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर किती रविवार आले आणि गेले. दर रविवारी काकू त्या अनोळखी कारागिरावर स्तुतिसुमनं उधळायच्या आणि मामंजी मान डोलवायचे. एकदा तर काकू बोलण्याच्या भरात म्हणून गेल्या, "मामंजी, राग मानू नका, पण तो तुमच्यापेक्षाही भारी असणार." मामंजी चक्क हसले. "असेल," म्हणाले.

मामंजी गेले. दुकान काकूंनी चालवलं. त्या रिव्हॉल्वरच्या मुठीचा स्क्रू मात्र त्यांनी कधी सैल केला नाही. तो मामंजींनी आवळलेला होता. वरून तेलाचं बोट फिरवायचं आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचं, एवढंच. पुढे मुलाचं लग्न झालं. मुलाची नोकरी फिरतीची, आज इथे तर उद्या तिथे. सून मात्र सुताराची मुलगी. आल्या आल्या तिनं दुकानातल्या बंदुकांचे मोडके दस्ते एकेक करून सरळ केले आणि काकूंची निम्मी चिंता मिटवली. लाकडावरून ती लोखंडावर कधी आली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना काकूंचा उजवा अंगठा बोलायला लागला. आधी बरणीचं झाकण उघडेना. मग घोडा ओढताना कळ थेट कोपरापर्यंत जाऊ लागली. बार निघाला की धक्का नेमका अंगठ्याच्या मुळाशी. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, अंगठा हलवून बघितला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सोडला.

"हे बंद करा," डॉक्टर म्हणाले. "अंगठ्यानं घोडा ओढणं तर अजिबात नाही. हात कायमचा अधू करून घ्यायचाय का?"

काकू घरी आल्या आणि गच्चीवर यजमानांशेजारी जाऊन बसल्या. कुंड्यांकडे बघत म्हणाल्या, "रविवार गेला तर मी काय करू हो?" यजमानांनी आयुष्यभर त्या आवाजाला नाकं मुरडली होती. पण त्या संध्याकाळी त्यांनी हातातली झारी खाली ठेवली आणि ते काकूंजवळ सरकून बसले.

उपाय सुनेनं काढला. तिनं नवऱ्याशी फोनवर बोलून, परवान्याचे सोपस्कार पार पाडून वकीलसाहेबांकडे होतं तसलंच नवं रिव्हॉल्वर मागवलं. वजनानं जड, म्हणजे धक्का तेवढा कमी. मुठीला जाड रबर. घोडा ओढायचीच गरज नाही, नुसता चाप दाबत गेलं की काम होतं. काकूंनी ते हातात घेतलं आणि असं तोंड केलं की जणू कुणी पाव्हणा चपला घालून देवघरात शिरलाय.

"रबर कसलं, सायकलच्या हँडलसारखं! आणि हा चाप बघ. ओढतेय का विहिरीतून पाणी शेंदतेय?"

"थोडा जड आहे, आई. वापरानं सैल होईल. नाही तर हलकी स्प्रिंग मागवू."

"मागवायची कशाला? घासून देते. मामंजी घासायचे."

सून "नको" म्हणाली. काकूंनी "बरं" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सून दुरुस्त झालेल्या बंदुका पोचवायला बाहेर गेल्याबरोबर रिव्हॉल्वर उघडून बसल्या. मामंजींचा तेलाचा दगड काढला. घोडा आणि चाप जिथे एकमेकांत अडकतात ती खाच हलक्या हातानं घासायला घेतली. जुन्या हत्यारावर घासताना एक वेळ अशी यायची की दगडाचा खरखराट थांबून आवाज गुळगुळीत व्हायचा, तिथे थांबायचं. काकू त्या आवाजाची वाट बघत राहिल्या. आवाज काही येईना, त्या घासत राहिल्या. नव्या भागांचा कडकपणा वरच्या पातळ सालीपुरता असतो, साल गेली की आत सगळा मऊ कारभार, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि विचारायला त्या कुणाकडे गेल्याही नव्हत्या.

सून परत आली तेव्हा काकू विजयी मुद्रेनं बसल्या होत्या. "बघ आता. लोणी झालंय."

सुनेनं सिलिंडर उघडून रिकामं असल्याची खात्री केली. चाप दाबून बघितला. खरंच लोणी झालं होतं. मग तिनं घोडा ओढून ठेवला आणि चापाला हातही न लावता मागून अंगठ्यानं जरासा ढकलला. घोडा खाडकन पडला.

यात गोळी असती तर काय झालं असतं, ते दोघींनाही कळत होतं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. इतकी वर्षं दुसऱ्यांची हत्यारं सुरक्षित करून दिली आणि आज स्वतःच्या घरात हे करून ठेवलं!

सुनेनं कंपनीकडून घोडा-चापाचा नवा संच मागवला, पुडी आली तशी फोडली, जुना भाग काढला, नवा ठेवला, वरून हलकी स्प्रिंग बसवली. कानस नाही, दगड नाही. काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

"बसलासुद्धा?" त्यांनी विचारलं.

"बसला."

मामंजी असा एक भाग बसवायला दिवसभर घालवायचे. कानशीचे दोन हात मारायचे, काजळी लावून कुठे घासतंय ते बघायचे, पुन्हा दोन हात. काकूंना पहिल्यांदा वाटलं की वकीलसाहेब अगदीच वेडे नाहीत. पण ते कबूल करणं जिवावर आलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. "तूच नेम मार त्यानं," त्या म्हणाल्या. "माझं झालं आता." जुनं रिव्हॉल्वर कपाटात गेलं. पुढच्या रविवारी काकू मैदानावर गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सकाळी सवयीनं लवकर उठायच्या, आवरायच्या आणि कुठे जायचं नाही हे आठवून पुन्हा खाटेवर बसायच्या.

दोन-तीन आठवडे असे गेल्यावर सून एका सकाळी म्हणाली, "आई, त्या नव्याची लाकडी मूठ मागवली होती, ती आलीय. रबर काढून टाकलं. एकदा बघा तरी."

"बघून काय करू?"

"माझ्यासाठी चला. मला एकटीला कंटाळा येतो. आणि जुनंही बरोबर घ्या, डब्याशिवाय तुम्हाला करमणार नाही."

सुनेसाठी म्हटल्यावर काकू उठल्या. मैदानावर वकीलसाहेबांनी त्यांना बघितलं आणि चेष्टा करायची सोडून चक्क उभे राहिले. "या," म्हणाले. "म्युझियम बंद पडलं की काय या भीतीनं माझा नेम बिघडला होता."

काकूंनी नवं रिव्हॉल्वर उचललं. आणि थबकल्या. मूठ तळहातात भरली. अंगठ्याला काही काम नव्हतं, तो नुसता बाजूला टेकून राहिला. त्यांनी हात लांब केला, लाल ठिपका कागदावर आणला आणि चाप दाबत गेल्या. बार निघाला. धक्का आला तो सगळ्या हातभर पसरत आला, कुणी दमदार माणसानं शेकहँड करावा तसा. अंगठा गप्प. काकूंनी पुन्हा चाप दाबला. पुन्हा गप्प. सिलिंडर रिकामं झालं तेव्हा कागदावरची भोकं काही एका जागी नव्हती, जुन्यानं याहून छान जमायचं. पण काकूंना त्याचं काही नव्हतं. त्या पहिल्या दिवसासारख्या हसत होत्या. रविवार परत आला होता.

"मानलं," त्या म्हणाल्या. "पॉलिशमध्ये हे जुन्याच्या पासंगालाही पुरायचं नाही. चापाला अजून तो गोडवा नाही. पण मूठ! मुठीला नाव ठेवायला जागा नाही. कंपनीत अजून कुणीतरी शहाणा माणूस शिल्लक आहे."

"हो ना आई," सून काडतुसांची रिकामी टोपणं गोळा करत म्हणाली. "हल्लीही मन लावून करतात काही लोक."

वकीलसाहेबांना कुठला दम निघतोय! काकूंनी नव्याची कबुली दिली, हा दिवस सोन्याचा. "आणा इकडे, मलाही बघू द्या." काकूंनी सिलिंडर उघडून, रिकामं दाखवून ते त्यांच्या हातात दिलं. वकीलसाहेबांनी धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"इथे खड्डा कसला आहे हो? बोट घसरतंय माझं."

"बोटासाठी असतो तो."

"कुणाच्या? माझंही हेच मॉडेल आहे, लाकडी मूठही कंपनीचीच आहे. तिला असला खड्डा नाही." त्यांनी आपलं रिव्हॉल्वर पुढे केलं. मूठ दोन्ही बाजूंनी सारखी, सपाट.

काकूंनी आपलं नवं परत घेतलं आणि मुठीत धरलं. वाकडं बोट त्या खळग्यात अलगद जाऊन बसलं. त्यांनी ते उचललं, पुन्हा ठेवलं. मग घाईघाईनं डबा उघडला आणि जुनं काढून, रिकामं असल्याची खात्री करून वकीलसाहेबांपुढे धरलं. "हे धरा. तुमच्याकडे होतं ना हे? तसंच आहे?"

वकीलसाहेबांनी धरलं. "नाही हो. याची मूठ बारीक आहे, केवढी तरी घासलेली. आणि हा बघा, इथेही तोच खड्डा! माझ्यात नव्हता. असता तर चावलं नसतं."

काकू आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. ते मोडलं होतं मामंजींच्या दुकानात, चाकाच्या पट्ट्यात. आणि हे रिव्हॉल्वर बनलं तेव्हा काकूंचा जन्मही झाला नव्हता. कुठल्या कंपनीला, कुठल्या कारागिराला ठाऊक असणार की पुढे कधीतरी एका बाईचं चौथं बोट आतल्या बाजूला वाकणार आहे?

लाकडाचं मी बघतो.

इतके रविवार त्या माणसाच्या शेजारी चालत, त्याच्याच कामाचं कौतुक त्याला ऐकवत आपण घरी आलो, आणि श्रेय सगळं कुणा भलत्यालाच देत राहिलो. तुमच्यापेक्षाही भारी, असं त्याच्या तोंडावर म्हणालो. आणि तो हसला. "असेल," म्हणाला. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. जुनं श्रेष्ठ की नवं, म्हणून आयुष्यभर भांडलो, आणि हातात होतं ते जुनंही नव्हतं नि नवंही नव्हतं. आपलं होतं.

त्या सुनेकडे वळल्या. ती अजून टोपणंच गोळा करत होती, खाली मान घालून, गरजेपेक्षा जास्त वेळ. तिच्या नखांच्या कडांना लाकडाच्या पॉलिशचा तपकिरी रंग होता. घासूनही न गेलेला.

"कंपनीनं मूठ छान केलीय गं," काकू म्हणाल्या.

"हो ना आई. म्हटलं ना, हल्लीही—"

"पुरे." काकूंनी तिचा हात धरला. "एकदा फसले मी. त्यांना सांगायचं राहून गेलं. तुझ्या बाबतीत नाही राहू देणार." आणि त्या वकीलसाहेबांकडे वळून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका हो! हे माझ्या सासऱ्यांनी केलंय आणि हे माझ्या सुनेनं. कंपनीचा काही संबंध नाही!"

वकीलसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. रखवालदार दारातून वाकून बघायला लागला.

"आई, किती जोरात धरलाय हात," सून पुटपुटली. "अंगठा दुखेल तुमचा. सोडा ना."

अंगठा दुखतच होता. काकूंनी सोडला नाही.